उंदराच्या आठवणीचा शोध

पाहणे आणि पाहिलेले लक्षात राहणे या दोन गोष्टी एक नव्हेत. नागपूरच्या सीताबर्डीच्या बाजारातून संध्याकाळी चालत जाणाऱ्या मनुष्याच्या डोळ्यांसमोरून शेकडो चेहरे, दुकानांच्या पाट्या, संत्र्यांच्या हातगाड्या आणि वाहने सरकत जातात. त्याच्या डोळ्यांना ती सर्व दिसतात. पण घरी पोचल्यावर त्यांपैकी फारच थोडी त्याला आठवतात. उलट, एखाद्या गाडीवर मांडलेले एखादे अनोळखी फळ त्याच्या ध्यानात राहते, आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा दृष्टीस पडले, की ‘हे काल पाहिले होते’ हे तो चटकन ओळखतो. मग ते फळ रात्रभर होते कोठे? डोळ्यांत तर नव्हते. डोळे मिटताच तेथले चित्र नाहीसे झाले होते. ते मेंदूत होते, असे उत्तर कोणीही देईल. परंतु मेंदूत म्हणजे नेमके कोणत्या ठिकाणी आणि कोणत्या रूपाने, हे सांगणे सोपे नाही. शंभर वर्षांहून अधिक काळ शास्त्रज्ञ या प्रश्नाच्या मागे लागले आहेत, आणि या कामी त्यांना अतिशय मोठे साहाय्य झाले आहे ते, घरात दिसताच ज्याच्यामागे आपण केरसुणी घेऊन धावतो, त्या उंदराचे. असा एक प्रयोग नागपुरातही झाला आहे. त्याची हकीकत पुढे येईल; परंतु ती समजण्यासाठी आधी उंदराचा मेंदू आणि त्याची दृष्टी यांची थोडी ओळख करून घ्यावयास हवी.

उंदीर, घूस, खार हे सर्व कृंतक, म्हणजे कुरतडणारे प्राणी होत. त्यांचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून काही ना काही कुरतडून ते झिजविणे त्यांना भागच असते. (चिचुंद्री दिसावयास उंदरासारखी असली, तरी ती या गटातील नव्हे. ती मुख्यतः किडे खाते, आणि तिचे दातही निराळे असतात.) प्रयोगशाळेत पाळला जाणारा पांढराशुभ्र, लालसर डोळ्यांचा उंदीर हा तपकिरी रंगाच्या रानटी उंदराचाच वंशज आहे. त्याच्या मेंदूचे वजन सुमारे २ ग्रॅम भरते. माणसाच्या मेंदूचे सुमारे १,३५० ग्रॅम. उंदराच्या मेंदूत सुमारे २० कोटी मज्जापेशी असतात. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी. एवढे अंतर असताना उंदरावरून माणसाविषयी काय कळणार, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु वाडा मोठा असो की खोपटे लहान असो, दार, चूल आणि निजण्याची जागा ही दोन्हींत असतातच, आणि त्यांचे कामही तेच असते. उंदराच्या व माणसाच्या मेंदूंचे बरेचसे असेच आहे. पाहण्याचा भाग, वास घेण्याचा भाग, आठवण साठविण्याशी संबंधित असलेला भाग हे सर्व दोघांतही आहेत आणि त्यांची एकमेकांशी जोडणीही पुष्कळ अंशी सारखी आहे.

उंदराची दृष्टी मात्र फार मंद असते. माणूस जितका बारीक तपशील पाहू शकतो, त्याच्या सुमारे तिसाव्या हिश्शाइतकाच तपशील रानटी उंदराला दिसतो, आणि पांढऱ्या उंदराची नजर तर त्याहूनही अधू. लाल रंग त्याला जवळजवळ कळत नाही. पण माणसाला न दिसणारे जंबुपार किरण त्याला दिसतात. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे डोक्यावरच्या आकाशावर त्याची नजर सदैव राहते. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर प्रकाश पडला, की तेथून मज्जातंतूंच्या वाटेने संदेश निघतात. यांतील बहुतेक तंतू वाटेत बाजू बदलतात, त्यामुळे उजव्या डोळ्याची वार्ता डाव्या मेंदूकडे आणि डाव्या डोळ्याची उजव्या मेंदूकडे जाते. त्यानंतर या वार्तेला दोन वाटा फुटतात. एक वाट मध्यमेंदूकडे जाते. आकाशात घार फिरत असेल आणि तिची सावली एकाएकी मोठी होऊ लागली, तर उंदीर तेथल्या तेथे स्तब्ध होतो किंवा बिळाकडे धाव घेतो. ती घार आहे की कावळा, हे ओळखण्यास त्या वेळी सवड नसते. हे काम या वाटेने होते आणि त्याला शिकण्याची गरज नसते. दुसरी वाट थॅलॅमस नावाच्या भागातून मेंदूच्या मागच्या बाजूला असलेल्या दृष्टिबाह्यकाकडे जाते. बाह्यक म्हणजे मेंदूचा सालीसारखा वरचा थर. तेथे आकार, कडा, उभ्या व आडव्या रेषा यांची निवड होते, आणि दिसलेल्या गोष्टीपासून काही शिकावयाचे असेल, तर त्याचा आरंभ बहुधा येथून होतो.

आता खरी अडचण येते. उंदराला बोलता येत नाही. दोन चित्रांतील फरक त्याला कळला की नाही, हे त्याला विचारावे कसे? अमेरिकेतील कार्ल लॅश्ले या शास्त्रज्ञाने १९३० मध्ये याकरिता एक मोठी मार्मिक युक्ती योजिली. उंदराला एका लहानशा उंच चौरंगावर बसवावयाचे. समोर थोड्या अंतरावर दोन पुठ्ठे उभे. एकावर, समजा, उभ्या रेघा आणि दुसऱ्यावर आडव्या. चौरंगावरून उडी मारून उंदराने एका पुठ्ठ्यावर झेप घ्यावयाची. योग्य पुठ्ठा धक्का लागताच मागे पडतो आणि त्यामागे खाऊ असतो. चुकीचा पुठ्ठा पक्का बसविलेला असल्यामुळे उंदराचे नाक त्यावर आपटते आणि तो खालच्या जाळीत पडतो. पुठ्ठ्यांची डावी-उजवी बाजू वरचेवर बदलली जाई, म्हणजे ‘नेहमी डावीकडे उडी मार’ अशी लबाडी उंदराला करता येऊ नये. काही दिवसांच्या सरावानंतर तो उंदीर न चुकता योग्य चित्रावर झेप घेऊ लागे. त्याने चित्र पाहिले होते, त्याचा अर्थ तो शिकला होता आणि तो त्याच्या लक्षात राहिला होता.

मग लॅश्ले यांनी शिकविलेल्या उंदरांच्या बाह्यकाचा निरनिराळा भाग शस्त्रक्रियेने काढून पाहिला. मागचा दृष्टीचा भाग काढल्यास आकृतींतला फरक उंदराला कायमचा कळेनासा होई. उजेड आणि अंधार यांतील फरक मात्र तो पुन्हा नव्याने शिकू शके. परंतु वळणावळणांच्या चक्रव्यूहातील वाट त्याने शिकलेली असेल, तर ती आठवण पुसून टाकणारी एखादी ठरावीक जागा लॅश्ले यांना कोठेच सापडेना. जितका अधिक भाग काढावा, तितके विस्मरण अधिक, एवढेच आढळून आले. तीस वर्षांच्या परिश्रमांनंतर, १९५० मध्ये लिहिलेल्या एका निबंधात, आठवणीची जागा आपल्याला मिळाली नाही असे त्यांनी मोकळ्या मनाने सांगितले. त्यांचा शोध मुख्यतः मेंदूच्या वरच्या थरात चालला होता. पुढील धागा हाती लागला तो उंदरांच्या प्रयोगशाळेत नव्हे, तर एका मनुष्याच्या दुर्दैवातून.

अमेरिकेत हेन्री मोलायसन नावाचा एक तरुण अपस्माराने, म्हणजे फेफऱ्याने अगदी जर्जर झाला होता. १९५३ मध्ये त्याच्यावर शस्त्रक्रिया करून डॉक्टरांनी त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा, कानशिलाच्या आत खोलवर असलेला काही भाग काढून टाकला. त्यात हिप्पोकॅम्पस या भागाचा मोठा अंश होता. ‘हिप्पोकॅम्पस’ हे नाव ग्रीक भाषेतले असून त्याचा अर्थ समुद्रघोडा. माणसाच्या मेंदूतील या भागाचे वळण त्या माशासारखे दिसते, म्हणून ते पडले. शस्त्रक्रियेनंतर हेन्रीचे झटके पुष्कळ कमी झाले; बुद्धीही शाबूत राहिली; लहानपणच्या आठवणीही त्याला होत्या. परंतु नवीन काहीच त्याच्या लक्षात राहीना. ब्रेंडा मिलनर या विदुषी त्याची वर्षानुवर्षे तपासणी करीत होत्या, तरी प्रत्येक भेटीत त्याला त्या नव्याच वाटत. एकदा मिलनरबाईंनी त्याला, आरशात पाहत चांदणीच्या आकृतीवरून पेन्सिल फिरविण्याचे काम दिले. हे काम भल्याभल्यांना प्रथम जमत नाही. हेन्रीचा हात दिवसागणिक सुधारत गेला. पण ‘हे मी पूर्वी कधी केलेलेच नाही’ असे तो दररोज म्हणे! यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात आली. आठवण ही एकच एक वस्तू नाही. हाताने शिकलेले आणि मनाने ओळखलेले यांची ठाणी मेंदूत वेगवेगळी आहेत. हेन्री २००८ मध्ये, ८२ वर्षांचा होऊन वारला. तोपर्यंत त्याच्या विस्मरणाने जगाला जितके शिकविले, तितके क्वचितच एखाद्याच्या स्मरणाने शिकविले असेल.

यानंतर उंदराच्या हिप्पोकॅम्पसकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले. उंदराच्या मेंदूत हा भाग वाकलेल्या केळासारखा असून मेंदूच्या मानाने चांगला मोठा असतो. तो काय करतो, हे पाहण्यासाठी ब्रिटनमधील रिचर्ड मॉरिस यांनी १९८१ मध्ये पाण्याच्या हौदाचा प्रयोग योजिला. एक मोठा गोल हौद पाण्याने भरून त्यात दूध मिसळले, म्हणजे तळ दिसेनासा झाला. पाण्याच्या पृष्ठभागाखाली किंचित बुडेल अशी एक लहान बैठक ठेवली. उंदीर चांगला पोहतो, पण त्याला पाण्यात राहणे आवडत नाही. तो बैठक शोधीत फिरतो आणि एकदा सापडली, की तीवर चढून बसतो. काही वेळा असे झाले, की हौदात कोठूनही सोडले तरी तो सरळ बैठकीच्या दिशेने पोहत जातो. बैठक तर त्याला दिसत नाही. मग तो दिशा ठरवितो कशी? खोलीतील दार, दिवा, कपाट अशा आजूबाजूच्या वस्तू पाहून. अंबाझरी तलावाच्या मध्यावर नावेत बसलेला मनुष्य एका हाताला बांध आणि दुसऱ्या हाताला झाडी पाहून आपण कोठे आहोत हे जसे ठरवितो, तसेच हे होय. हिप्पोकॅम्पसला इजा झालेल्या उंदराला मात्र ती बुडालेली बैठक सापडेना. बैठक पाण्यावर आणून दिसेल अशी ठेवली, तर तो तिच्याकडे नीट पोहत जाई. म्हणजे त्याचे डोळे, पाय आणि इच्छा सर्व ठीक होते. हरवला होता तो मनातला नकाशा.

त्या नकाशाची खूण त्याआधीच, १९७१ मध्ये, लंडनच्या जॉन ओकीफ यांना आढळली होती. हिंडणाऱ्या उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये केसासारख्या बारीक तारा ठेवून त्यांनी पेशींचे विद्युत्‌संदेश ऐकले. एखादी पेशी उंदीर एका विशिष्ट कोपऱ्यात गेला, की तेवढ्यापुरती तडतडू लागे. दुसरी पेशी दुसऱ्या जागी. त्यांना स्थलपेशी हे नाव मिळाले. पुढे इतरांनी केलेली एक तपासणी मोठी मौजेची आहे. गोल रिंगणाच्या भिंतीवर एक पांढरा पुठ्ठा लावला आणि मग तो गुपचूप दुसऱ्या बाजूला सरकविला, तर स्थलपेशींच्या जागाही तितक्याच फिरल्या! उंदीर पुठ्ठा पाहून आपला नकाशा बसवीत होता. २००५ मध्ये नॉर्वेतील माय-ब्रिट मोझर व एडवर्ड मोझर या शास्त्रज्ञांना हिप्पोकॅम्पसच्या शेजारच्या बाह्यकात, जणू जमिनीवर षट्‌कोनी जाळी आखावी अशा रीतीने ठरावीक अंतराअंतरावर जाग्या होणाऱ्या पेशी सापडल्या. ओकीफ आणि हे दोघे मोझर यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु सर्वच शिकणे हिप्पोकॅम्पसमधून होते, असे समजणे चुकीचे ठरेल. आठ वाटा फुटणाऱ्या एका चक्रव्यूहात, ज्या वाटेवर दिवा लागला असेल त्या वाटेवर खाऊ मिळतो, एवढेच उंदराला शिकावयाचे असले, तर हिप्पोकॅम्पस दुखावलेला उंदीरही ते शिकतो. हे काम मेंदूच्या आतील स्ट्रायाटम नावाचा भाग करतो. दिवा दिसला की तिकडे वळावयाचे, ही सवय तो हळूहळू अंगवळणी पाडतो. हेन्रीच्या हाताची आरशातली चांदणी येथे आठवावी. आणि एखाद्या वस्तूची ‘ही आधी पाहिलेली आहे’ एवढीच ओळख पटविण्याच्या कामी हिप्पोकॅम्पसच्या जवळची बाह्यकाची एक अरुंद पट्टी, पेरिऱ्हायनल बाह्यक, विशेष महत्त्वाची आहे. ती दुखावली, तर काही मिनिटांपूर्वी पाहिलेली वस्तूही उंदराला नवीन वाटू लागते. कोणती वस्तू कोठे होती, अशी जोड-आठवण ठेवावयाची असेल, तर या पट्टीने आणि हिप्पोकॅम्पसने मिळून काम करावे लागते. नुसती वस्तू ओळखण्यात हिप्पोकॅम्पसचा वाटा किती, याबद्दल शास्त्रज्ञांचे अजूनही एकमत झालेले नाही. कोणाच्या प्रयोगात तो पुष्कळ दिसतो, तर कोणाच्या प्रयोगात थोडा.

नागपूरचा प्रयोग याच ठिकाणी येतो. १९२३ मध्ये स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाला २००५ मध्ये राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव देण्यात आले. त्याच्या अमरावती रस्त्यावरील परिसरात औषधनिर्माणशास्त्राचा विभाग आहे. तेथील डॉ. दादासाहेब कोकरे, डॉ. निशिकांत सुभेदार आणि त्यांचे सहकारी यांनी मेंदूतील ‘कार्ट’ नावाच्या द्रव्याचा दीर्घकाळ अभ्यास केला. कार्ट हा प्रथिनाच्या जातीचा एक लहान रेणू आहे. मज्जापेशी तो स्वतःच तयार करतात आणि एकमेकींना निरोप देण्यासाठी वापरतात. तो उंदरांत आहे, तसाच माणसांतही आहे. भूक आवरण्याच्या कामी त्याचा उपयोग होतो, हे १९९८ पासून ठाऊक होते. नागपूरच्या संशोधकांनी प्रश्न विचारला तो निराळा: आठवण टिकविण्यात या द्रव्याचा काही हात आहे काय?

त्यांनी वापरलेली परीक्षा प्रथम १९८८ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी योजिलेली होती. तिच्यात लॅश्ले यांच्या चौरंगासारखी शिक्षा नाही, की खाऊचे आमिषही नाही. उंदराच्या चौकसपणावरच ती आधारलेली आहे. वरून उघड्या असलेल्या एका पेटीत उंदराला सोडावयाचे. पेटीत अगदी सारख्या अशा दोन वस्तू ठेवलेल्या असतात. उंदीर काही मिनिटे त्यांच्याभोवती फिरतो, हुंगतो, पाहतो. मग त्याला बाहेर काढतात. काही वेळाने त्याला पुन्हा आत सोडतात. पण आता त्या दोन वस्तूंपैकी एक काढून तिच्या जागी वेगळ्या आकाराची नवी वस्तू ठेवलेली असते. जुनी वस्तू उंदराच्या लक्षात असेल, तर तो तिच्याकडे फारसे लक्ष देत नाही आणि नव्या वस्तूपाशी अधिक वेळ रेंगाळतो. जुनी विसरला असेल, तर दोन्ही त्याला सारख्याच नव्या, म्हणून दोन्हींपाशी जवळजवळ सारखाच वेळ घालवितो. हातात घड्याळ घेऊन हा वेळ मोजला, की उंदीर न बोलता उत्तर देतो. अशा परीक्षेत प्रत्येक खेपेनंतर पेटी आणि वस्तू स्पिरिटने पुसून घेतात. नाही तर उंदीर नजरेने न ओळखता आपल्याच वासाने ओळखावयाचा. मिशांनी चाचपून मिळणारे ज्ञान मात्र पुसून टाकता येत नाही. म्हणून ही परीक्षा निव्वळ दृष्टीची आहे असे म्हणता येत नाही, आणि काटेकोर संशोधक तसे म्हणतही नाहीत.

नागपूरच्या प्रयोगात उंदरांची दुसरी भेट दोन निरनिराळ्या वेळी ठेवली होती: एकदा ३० मिनिटांनी आणि एकदा २४ तासांनी. ३० मिनिटांनी उंदीर नव्या वस्तूपाशी स्पष्टपणे अधिक वेळ थांबले. म्हणजे जुनी त्यांना आठवत होती. २४ तासांनी मात्र त्यांना दोन्ही वस्तू सारख्याच झाल्या. एका दिवसात ओळख विरून गेली होती. परंतु ज्या उंदरांच्या मेंदूत पहिल्या भेटीपूर्वी कार्ट पोचविले होते, ते दुसऱ्या दिवशीही जुनी वस्तू ओळखू लागले! मग संशोधकांनी उलट बाजूनेही पाहिले. मज्जापेशीच्या आत ईआरके नावाचे एक प्रथिन असते. पेशीच्या पृष्ठभागावर आलेला निरोप आत, केंद्रापर्यंत नेणाऱ्या जासुदांपैकी ते एक आहे. त्याला अडवून ठेवले, तर कार्टचा हा गुण दिसेनासा होतो, असे आढळले. यावरून कार्टचा प्रभाव हिप्पोकॅम्पसमध्ये याच जासुदामार्फत घडतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला. हे संशोधन २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या नियतकालिकात ते छापले गेले, त्याचे नावही ‘हिप्पोकॅम्पस’ असेच आहे.

या निष्कर्षाचे महत्त्व कळावयास थोडे घरगुती उदाहरण पुरे. म्हातारपणी कित्येकांना अल्झायमरचा रोग जडतो. १९०६ मध्ये आलोइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी त्याचे प्रथम वर्णन केले. ज्या घरात जन्म गेला, त्या घराची वाट आजोबांना सापडेनाशी होते. सकाळी भेटून गेलेला नातू संध्याकाळी त्यांना अनोळखी वाटतो. चष्मा कोठे ठेवला, हे दहा वेळा विचारावे लागते. हा त्यांचा वेंधळेपणा नव्हे. ज्या भागात मोझर यांना जाळीच्या पेशी सापडल्या, तो भाग आणि हिप्पोकॅम्पस यांवरच हा रोग आरंभी घाला घालतो. म्हणून ३० मिनिटांची आठवण २४ तासांपर्यंत कशाने पोचते, हा प्रश्न केवळ उंदरांच्या पेटीपुरता राहत नाही. अर्थात कार्ट म्हणजे स्मरणशक्तीचे औषध सापडले, असे कोणी समजू नये. अशी प्रथिनजातीची द्रव्ये तोंडाने घेतली, तर पोटात पचून जातात. आणि उंदराच्या मेंदूत जे घडले, ते माणसाच्या मेंदूत तसेच घडेल याचीही हमी नसते.

या सर्व ज्ञानाची किंमत उंदरांना मोजावी लागते, हेही येथे सांगितले पाहिजे. अशा संशोधनाच्या अखेरीस मेंदूचे पातळ काप करून ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात, आणि त्यासाठी उंदराचे प्राण जातात. भारतात प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० मध्ये झाला. त्यानुसार प्रयोगांवर देखरेख ठेवणारी समिती नेमली जाते, आणि संस्थेच्या नीतिसमितीने परवानगी दिल्यावाचून प्रयोग करता येत नाही. प्राणी किती लागतील, त्यांना वेदना कमीत कमी कशा होतील, हे आधी लिहून द्यावे लागते.

आठवण पक्की होण्याचे काही काम झोपेतही होत असावे. १९९४ मध्ये असे आढळले, की दिवसा उंदीर ज्या जागांतून हिंडला, तेथे एकत्र जाग्या झालेल्या स्थलपेशी त्याच्या झोपेतही पुन्हा एकत्र जाग्या होतात, जणू दिवसाचा धडा रात्री घोकला जात आहे. हा धडा हिप्पोकॅम्पसकडून हळूहळू बाह्यकाकडे सोपविला जातो, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. तसे असेल, तर लॅश्ले यांना बाह्यकात एकच एक जागा न सापडण्याचे कारणही थोडेसे उलगडते: अनेक ठिकाणी विखुरलेली वस्तू एका ठिकाणी कशी सापडावी?

मात्र एक प्रश्न उरतोच. २४ तासांनी जुनी वस्तू न ओळखणाऱ्या उंदराच्या मेंदूतून ती आठवण पार पुसली गेलेली असते, की ती तेथे असूनही त्याला हाती लागत नाही? नागपूरचे संशोधन प्रसिद्ध झाले त्याच वर्षी, म्हणजे २०१६ मध्ये, अमेरिकेत सुसुमु तोनेगावा यांच्या प्रयोगशाळेने या प्रश्नाला हात घातला. अल्झायमरसारखा विकार निर्माण केलेल्या लहान जातीच्या उंदरांना एका पेटीत भीतीचा अनुभव दिला होता. दुसऱ्या दिवशी ते त्या पेटीत निर्धास्त फिरू लागले, म्हणजे ते विसरले होते. तो अनुभव घेताना हिप्पोकॅम्पसमधील ज्या मूठभर पेशी जाग्या झाल्या होत्या, त्यांच्यावर आधीच अशी योजना केलेली होती, की निळा प्रकाश पडताच त्या पुन्हा जाग्या व्हाव्यात. बारीक तंतूमधून तो प्रकाश आत सोडला, आणि ते उंदीर भीतीने जागच्या जागी थिजले. आठवण गेली नव्हती. तिच्याकडे जाणारी वाट बुजली होती. नागपूरच्या उंदरांना मात्र कार्ट मिळाले होते ते वस्तू पाहण्याच्या आधीच. त्यामुळे तेथे वाट मोकळी झाली, की मुळातले अक्षरच अधिक ठळक उमटले, हे त्या एका परीक्षेवरून ठरविता येत नाही.